सुभेदार गोळी थुंकतो

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०

लेक आज पहाटेच्या गाडीने सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेली. नवी नोकरी, दुसरं शहर. स्टेशनवर ती रडली नाही. मीही नाही. हिचे डोळे लाल झाले होते, पण ते धुळीने असावेत. माझे तर नक्कीच धुळीने.

जाताना मासा माझ्या ताब्यात दिला. आधी मैत्रिणीकडे ठेवणार होती. हिने मध्ये पडून सांगितलं, बाबांना एक संधी दे. संधी हा शब्द मला आवडला नाही. सत्तावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आहे. ज्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे माहीत नाही, त्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो. मला एक मासा सांभाळता येणार नाही?

तिच्या डोक्यात अजून ते लाल मासे असणार. तेव्हा आठ वर्षांची होती. मी प्रेमाने पावाचे तुकडे घालायचो, मासे प्रेमाने खायचे, आणि एके दिवशी दोघेही पोट वर करून तरंगत होते. मोठ्या तळ्यात सोडून आलो, असं तिला सांगितलं. तिने विश्वास ठेवला. मुलं भाबडी असतात.

हा मासा ऑस्कर जातीचा. हाताच्या पंजाएवढा, काळा, अंगावर केशरी पट्टे. टाकीतले दगड दिवसभर इकडून तिकडे ढकलतो आणि मग मागे सरून पाहणी करतो, म्हणून लेकीने नाव ठेवलं सुभेदार. टाकीवर तिने कागद चिकटवला आहे. सकाळी नऊला पाच गोळ्या, संध्याकाळी सातला पाच. कोळंबी फक्त रविवारी, एक. खाली लाल पेनने: बाबा, एकच.

'एकच'खाली दोन रेघा. अपमान आहे, पण मी मनावर घेत नाही.

आज पाच घातल्या. नऊ सेकंदांत फस्त. यात सांभाळायचं काय, तेच कळत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पाच. संध्याकाळी पाच. मी खोलीत आलो की काचेपाशी येऊन अंग घुसळतो. मला ओळखतो. ही म्हणते, तो सगळ्यांनाच बघून तसं करतो. हिला माशांतलं फारसं कळत नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी डबा उघडताना मनात आलं, रोज तेच. त्याच गोळ्या, तीच चव, तोंडी लावायला काही नाही. एक गोळी नाकाशी नेली. गाडीत पायाखाली रबरी मॅट असते, ती पावसात भिजल्यावर येतो तसा वास. फ्रीझरमध्ये कोळंबीचं पाकीट होतं. एक दिली. कागदावर रविवार लिहिलंय हे खरं, पण बुधवारी दिली आणि रविवारी दिली नाही तर गोष्ट एकच.

कोळंबी गिळून त्याने माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत एकाही शिकाऊ ड्रायव्हरने माझ्याकडे असं पाहिलेलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

कोळंबी दिली, कारण रविवार आहे. बुधवारची जादाची समजायची. गुरुवारची, शुक्रवारची आणि शनिवारचीही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.०५

आज त्याने गोळी तोंडात घेतली, क्षणभर विचार केला आणि थुंकली. दुसरी घातली. थुंकली. तिसरी तर तोंडातही घेतली नाही, नाकाने बाजूला सारली. मग वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून थांबला.

९.१५

कोळंबी दिली. सकाळचं खाणं कधी चुकवू नये, हे मी सगळ्यांना सांगतो.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

दोष गोळ्यांचा आहे. डबा जुना झालाय. नवीन दोन आणले, तांबड्या गोळ्यांचा आणि हिरव्या गोळ्यांचा. दोन्ही थुंकल्या. पण नीट निरीक्षण केल्यावर लक्षात आलं की तांबड्या लांब थुंकतो आणि हिरव्या जवळ. म्हणजे हिरव्या त्यातल्या त्यात आवडल्या. प्रगती आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ज्या दुकानातून गोळ्या आणतो तिथल्या दुकानदाराला सहज विचारलं. तो पाण्यातल्या रोपांची पानं कात्रीने छाटत होता. मान वर न करता म्हणाला, आणखी काय घालता? म्हटलं, काही नाही. त्याने पुन्हा तेच विचारलं. म्हटलं, कधीतरी कोळंबी. तो म्हणाला, कधीतरी म्हणजे कधी? मी त्याच्या रोपांचं कौतुक केलं.

त्याचं म्हणणं असं. मासा नाटकं करतोय, आणि समोर प्रेक्षक आहे म्हणून करतोय. चार दिवस काही म्हणजे काही घालायचं नाही. एवढा मोठा मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. पोटात कावळे ओरडायला लागले की झक मारत गोळ्या खाईल.

ठरलं. सोमवारपासून चार दिवस कडकडीत बंद. डिसिप्लिन हा तर माझा प्रांत.

१९ फेब्रुवारी, सोमवार

९.०० काही दिलं नाही.

९.१० येरझारा घालतोय.

९.२० मीही.

९.३५ एक गोळी दिली. ही सूट नव्हे, टेस्ट. थुंकली.

९.४० तळाशी जाऊन एका कुशीवर आडवा पडलाय. वरचा डोळा माझ्यावर. ही म्हणाली, रुसलाय, बसू दे रुसून. बायकांची मनं कशी दगडाची असतात.

९.४२ कोळंबी. लहानशीच होती.

मोहीम उद्यापासून. सोमवार मुळात कशाची सुरुवात करायचा वारच नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापासून.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

शिकायला एक बँकवाल्या बाई येतात. अकरावा आठवडा. रिव्हर्समध्ये दोनदा नापास. आज त्यांनी गाडी लावता लावता मला ऐकवलं की सर, मी ब्रेकवर पाय नेते त्याच्या आधी तुम्ही तुमच्या बाजूचा ब्रेक दाबता, त्यामुळे गाडी कुठे थांबते हे मला अजून कळलेलंच नाही. मी म्हटलं, तो जादा ब्रेक तुमच्या भल्यासाठीच बसवलाय. त्या म्हणाल्या, टेस्टच्या दिवशी तो नसतो ना.

लोकांना उपकाराची जाणीव राहिलेली नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

लेकीचा फोन. सुभेदार कसा आहे? म्हटलं, एकदम फिट. गोळ्या खातो? म्हटलं, म्हणजे काय. ती म्हणाली, व्हिडिओ पाठवा ना, खूप आठवण येते त्याची.

पाठवला. हे कौशल्याचं काम आहे. गोळी पाण्यात पडते, तो येतो, तोंड उघडतो, गोळी आत जाते. इथे थांबवायचं. पुढच्या सेकंदाला गोळी बाहेर येते, पण तो सेकंद पाठवलाच पाहिजे असा काही नियम नाही. सात वेळा शूट करावं लागलं. लेकीचं उत्तर आलं, वा बाबा, मानलं तुम्हाला.

ही मागे उभी होती. सातही वेळा. 

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. शिकाऊ माणूस घाबरला की आधी आपण करून दाखवायचं. आज सकाळी काचेसमोर खुर्ची घेतली, एक हिरवी गोळी त्याला दिसेल अशी धरली, तोंडात टाकली आणि आवडल्यासारखा चेहरा केला. नेमकी तेव्हाच ही वाळलेले कपडे घेऊन आली. तिने विचारलं, काय खाताय? मला बोलता येईना. थुंकावी तर तो बघतोय. गिळली.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि त्यात मला सहानुभूती दिसली. उदाहरणाचा परिणाम हळूहळू होतो. दिवसभर करपट ढेकर येत होते.

२ मार्च, शनिवार

सध्याचं रूटीन: सकाळी चार कोळंब्या, संध्याकाळी चार. मात्र प्रत्येकीचे दोन तुकडे करतो, म्हणजे अर्धी अर्धीच जाते. ही म्हणाली, त्याचं पोट सुटलंय. मी म्हटलं, अंग भरलंय. लेक गेली तेव्हा हडकुळाच होता. ती आल्यावर बघेल आणि थक्क होईल.

४ मार्च, सोमवार. सकाळी ८.५०

काचेपाशी आला नाही. तळाशी बसून आहे. पोट दोन्ही बाजूंनी टम्म. कोळंबी पुढे सोडली. त्याने बघितलीसुद्धा नाही.

मला घाम फुटलाय.

११.१५

सकाळचे सगळे क्लास रद्द केले. दुकानदाराला फोन लावला. या वेळी काही लपवलं नाही. चार आणि चार, दोन आठवडे, सगळं सांगितलं.  तो म्हणाला, पोट गच्च झालंय. चार दिवस काहीही नको. पाणी किंचित कोमट ठेवा. मोकळं झालं तर सोललेला वाटाणा द्या. मी विचारलं, वाचेल ना? तो म्हणाला, आजवर तुमच्या हातात देणं होतं, आता फक्त न देणं आहे.

इथे दुसरं कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. ते लाल मासे तळ्यात सोडले नव्हते. बुटांच्या खोक्यात घालून इमारतीच्या मागे पुरले. तेव्हाही मी त्यांचं काही वाईट केलं नव्हतं, नुसतं खायला घालत राहिलो होतो. लेक तेरा दिवसांनी येणार. तिला पुन्हा तळ्याची गोष्ट सांगता येणार नाही.

५ मार्च, मंगळवार

काही दिलं नाही.

खरंच दिलं नाही. घरी थांबलो तर हात फ्रीझरकडे जाईल, म्हणून सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत क्लास लावून घेतले. बँकवाल्या बाईंच्या वेळी दोन्ही पाय सीटखाली ओढून बसलो. गाडी रिव्हर्समध्ये भिंतीकडे निघाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी होती आणि बाई माझ्याकडे बघून हसत होत्या. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

६ मार्च, बुधवार

काही दिलं नाही. तो आहे तसाच. मला जेवण गेलं नाही. हिने ताट उचललं, पण टोमणा मारला नाही, यावरून काय ते समजलो.

७ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.१५

झाली. सुभेदाराला झाली. पांढरी, दोरीसारखी, अर्ध्या टाकीभर. हिला हाक मारली. ती पोळपाट टाकून धावत आली. आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे होतो. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत आम्ही दोघांनी एकत्र उभं राहून इतक्या आनंदाने फार थोड्या गोष्टी पाहिल्यात. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, अभिनंदन. 

८ मार्च, शुक्रवार

आज चौथा दिवस संपला. संध्याकाळी वाटाणा दिला.  खाल्ला. उद्यापासून गोळ्या. एवढ्या दिव्यातून गेल्यावर कोणीही शहाणा होतो.

९ मार्च, शनिवार

९.०० गोळी दिली. थुंकली. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत थांबला.

९.०५ ही म्हणाली, अहो, तुम्ही जरा बाहेर जा. पॅसेजमध्ये गेलो. मिनिटभराने आत बोलावलं. पाचही गोळ्या गायब. मी म्हटलं, दगडांखाली गेल्या असतील. हिने सगळे दगड उचलून दाखवले.

७.०० संध्याकाळी मी दाराच्या फटीतून पाहिलं. खाल्ल्या. एक, दोन, तीन, चार, बिनतक्रार. पाचवी तोंडात असताना मी आत गेलो. त्याने मला पाहिलं आणि ती बाहेर काढून ठेवली.

म्हणजे हा आदर आहे. साहेब आत आले की ऑफिसातली माणसं डब्याला झाकण लावतात ना, तसं. माझ्यासमोर तोंड हलवत राहणं त्याला बरं वाटत नाही.

ही म्हणाली, तुम्ही आलात की कोळंबी येते, त्याला एवढंच कळतं. मी म्हटलं, हा ज्याच्या त्याच्या दृष्टिकोनाचा प्रश्न आहे. मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली, इतक्या वर्षांनी. लेक लहान असताना मी घरी असलो की ती भाजीला तोंड लावत नसे, कारण तिने तोंड वेंगाडलं की मी बिस्किटांचा डबा काढायचो. म्हणून ही मला भाजी आणायला बाहेर पाठवायची आणि तेवढ्यात तिला भाजी भरवायची.

मला इतकी वर्षं वाटत होतं की आपल्या घरात भाजी फार लागते.

१७ मार्च, रविवार

लेक आली. बॅग दारातच टाकून आधी टाकीपाशी गेली. सुभेदार धष्टपुष्ट, चकचकीत, दगड ढकलतोय. तिने त्याला डोळे भरून पाहिलं. मी छाती पुढे काढून उभा होतो. तिने गोळ्यांचा डबा उचलला. म्हणाली, बाबा, जरा पॅसेजमध्ये जाता का?

म्हणजे हिने तिला सगळं सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यापासून, रोज. तो व्हिडिओसुद्धा तिने थांबवून थांबवून पाहिला होता. शेवटच्या क्षणी गोळी परत निघालेली दिसते म्हणे. मैत्रिणींनाही दाखवला.

दुपारी आम्ही दोघंच टाकीसमोर बसलो होतो तेव्हा मीच विषय काढला. म्हटलं, ते लाल मासे. ती म्हणाली, माहीत आहे बाबा, मी खिडकीतून पाहिलं होतं तुम्हाला खड्डा खणताना. मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुमचा चेहरा बघून वाटलं की तळ्याची गोष्ट तुम्हालाच जास्त हवी आहे.

पुढे म्हणाली, नोकरी पक्की झाली, तिथे खोली घेतलीय, पुढच्या रविवारी सुभेदारला घेऊन जाते.

मी धरून चाललो होतो की तो इथेच राहणार. म्हटलं, बरंच झालं, माझी एक कटकट गेली. मग हवेच्या पंपाची नळी तपासत बसलो. नळी ठीक होती. तरी बराच वेळ तपासली.

२४ मार्च, रविवार

पोहोचवून आलो. अडीच तासांचा रस्ता, चार तास लावले. डिकीत टाकी, मागच्या सीटवर झाकणाच्या बादलीत सुभेदार, एकीकडे ही, एकीकडे लेक. एकही ब्रेक जोरात मारला नाही. मागून सगळं शहर हॉर्न वाजवत होतं.

२५ मार्च, सोमवार. सकाळी ९.००

सवयीने उठलो आणि कोपऱ्यापाशी गेलो. टाकी होती तिथे फरशीचा चौकोन उजळ आहे. परत येऊन बसलो.

३० मार्च, शनिवार

सकाळी लेकीचा फोन. सुभेदार तीन दिवस जेवला नाही. गोळी तोंडात घेतो आणि थुंकतो. ऐकून वाईट वाटलं. फार वाईट नाही वाटलं. म्हटलं, माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही, मी आत्ता निघतो. ती म्हणाली, थांबा.

संध्याकाळी पुन्हा फोन. कारण सापडलं. तिने टाकीसमोरच्या फळीवर माझा फोटो ठेवला होता, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला टेकून उभा आहे तो. फोटो पालथा घातला, पाचही गोळ्या खाल्ल्या. सरळ केला, थुंकल्या. दोनदा करून पाहिलं. आता फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. तात्पुरता, असं म्हणाली.

मी विचारलं, पण तिथे माझा फोटो ठेवलासच कशाला? ती म्हणाली, तिथेच माझं जेवायचं टेबल आहे. एकटी जेवते ना. समोर घरचं कोणीतरी हवं वाटलं.

मी फोन हिच्याकडे दिला. धुळीचं काहीतरी करायला हवं, घरात फार झालीय.

१३ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ६.४५. गाडीत

लेकीच्या इमारतीखाली पोहोचलो. ही वर गेली. मी खाली गाडीतच बसलो आहे. त्याची वेळ सातची, त्यात व्यत्यय नको, हा निर्णय माझा. म्हणजे लेकीने सुचवला आणि मला पटला. रिकाम्या हाताने आलोय. हिने निघताना माझे खिसे तपासले.

तीन आठवड्यांनी भेटतोय. त्याला मी आठवत असेन का, कोण जाणे. लेक बारीक झालीय असं ही व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाली होती. मी मात्र त्यावर काही बोलणार नाही. काही देणार नाही, काही वाढणार नाही. समोर बसेन फक्त.

७.००

आता घालत असेल.

७.०४

लेक गॅलरीत आली. मी दार उघडून एक पाय बाहेर टाकला. तिने वरून हाताने खूण केली, थांबा. मग ओरडून म्हणाली, चार झाल्या, पाचवी तोंडात धरून बसलाय. अजून दहा मिनिटं.

पाय आत घेतला. दार लावून घेतलं. थांबलो आहे.